शब्दाच्या तोंडी ङ : मेंतावाई बेटांवरचे आठ दिवस

क्वालालंपूरहून इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पाडांगला थेट विमान मिळालं. तिथून सकाळची बोट धरून दुपारच्या आत मेंतावाईंपैकी सिबेरूत बेटावर उतरलो. पुढे रेरेइकेत नदीतून लांबट होडीने वर. पाणी कमी असलं की उतरून होडी ढकलावी लागते, त्यामुळे सामान प्लास्टिकमध्ये बांधा, रोख रुपिया पाडांगलाच काढा आणि मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मी गेलो होतो मेंतावाई भाषा ऐकायला. मुक्काम एका उमात, म्हणजे कुळाच्या लांबलचक लाकडी घरात. पहिल्या संध्याकाळी डुकराकडे बोट दाखवून मी 'साकोको' म्हणालो. घरच्या आजोबांनी मान हलवली, क वर श्वास अडवला आणि मग सोडला: 'साक्कोको'. मका आणि मक्का वेगळे ऐकणाऱ्या मराठी कानाला हे जमायलाच हवं. तिथल्या एका माकडाचं नाव 'बोक्कोई', तेही तसंच.

खरी कसोटी ङ ची. आपण तो वर्णमालेत म्हणतो आणि विसरतो. रंग, अंग यांत तो ग ला चिकटूनच येतो. इथे तो शब्दाच्या सुरुवातीला उभा असतो. बोलीला, भाषेला शब्दच 'ङाङा'. युक्ती सांगतो: 'रंग' सावकाश म्हणा, ग येण्याआधी थांबा आणि त्या जागेवरून 'आ' काढा. मला दोन दिवस लागले. जमलं तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

भेटल्यावर 'आलोइता' म्हणा. आभार मात्र जागा पाहून माना. सिबेरूतवर मी 'मासुराक बागात्ता' ऐकलं, त्यातला शेवटचा क जवळजवळ गिळलेला. दक्षिणेला सिकाकापकडे 'सुराक साबेउ' चालतं. सिबेरूतच्याच पश्चिमेची सिमालेगी बोली आणखी निराळी, सिपोरा बेटाची वेगळी. 1901 मध्ये जर्मन मिशनरी दक्षिणेकडच्या, सिकाकाप जिथे आहे त्या उत्तर पगाई बेटावर आले, त्यामुळे छापील मजकुरात दक्षिणेची बोली पुढे राहिली. म्हणून पुस्तकातून पाठ केलेला शब्द रेरेइकेतला कुणी दुरुस्त केला, तर वाद घालू नका, त्याचा उच्चार लिहून घ्या.

थोडी इंडोनेशियन शिकून जा. वाटाघाटी तिच्यातच होतात. आणि वहीत प्रत्येक शब्दापुढे गाव लिहा, सांगणाऱ्याचं मूळ खोरंही. मी पहिल्या दिवशी लिहिलं नाही, आणि ते पान आता कुठल्या बोलीचं म्हणावं, मला ठरवता येत नाही.