म्युनिक ते म्युनिक, आल्प्सच्या घाटांनी

युरोपात गाडीने फिरायचं म्हटलं की बहुतेक जण पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम अशी शहरांची माळ लावतात. माझं मत असं की त्या मार्गावर रेल्वेच बरी. शहरात गाडी म्हणजे पार्किंगचा खर्च आणि डोक्याला ताप. गाडी घ्यावी ती डोंगरांसाठी. म्हणून आम्ही म्युनिकहून निघून ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली करत परत म्युनिकला यायचं ठरवलं, तेही शक्य तिथे महामार्ग सोडून घाटवाटांनी.

आधी कागदपत्रं. शेंगेन व्हिसा एकच लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. भाड्याच्या गाडीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. गाडी कोणकोणत्या देशांत नेणार हे बुकिंग करतानाच लिहून कळवा, नाहीतर विम्याचा घोळ होतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट मागा. उजवीकडून चालवायची सवय लवकर होते, पण रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळताना जुनी सवय उफाळून येते. तेवढ्यापुरतं शेजारी बसणाऱ्याने मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, हा आमचा नियम शेवटपर्यंत टिकला.

ऑस्ट्रियाच्या महामार्गांना विन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा रस्ता-वापर पास, लागतं. गाडीच्या नंबरवर निघणारं दहा दिवसांचं डिजिटल विन्येट हद्दीआधी घ्या. महामार्गावर कोंडी झाली की जर्मनी-ऑस्ट्रियात डावीकडच्या रांगेने आणखी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेला वाट ठेवायची असते. गाड्या थांबायच्या आतच ती वाट तयार होते, हे बघण्यासारखं आहे.

साल्झबुर्ग झटपट आटोपून ग्रोसग्लोकनरच्या रस्त्याला लागलो. १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटरचा, ३६ मोठ्या वळणांचा हा घाट होखटोर बोगद्यापाशी २५०४ मीटरवर जातो. साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो, रात्री बंद. विन्येट इथे चालत नाही. वेगळा टोल आहे आणि तो भारी आहे, पण पूर्ण दिवस दिलात तर पैसे वसूल. सकाळी लवकर चढा. दुपारी ढग उतरले की काही दिसत नाही.

फ्रान्झ-योसेफ्स-होह या टोकावर समोर ३७९८ मीटरचं ग्रोसग्लोकनर शिखर आणि पायाशी पास्टेर्झे हिमनदी. १९६३ मध्ये इथे डोंगरउतारावर छोटी रेल्वे बांधली, कारण तेव्हा ती खाली थेट बर्फाच्या काठाशी पोचवायची. आज त्या खालच्या स्टेशनाच्या जागेवरून बर्फ कुठल्या कुठे खाली गेलेला दिसतो. मधल्या सगळ्या उतारावर घासून गुळगुळीत झालेला राखाडी खडक उघडा पडलाय. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे आवर्जून दाखवा. हवामानबदलावरच्या दहा भाषणांपेक्षा हा खडक जास्त सांगतो.

तिथून लिएन्झ, फिलाख करत वुर्झनपास हा घाट चढून स्लोव्हेनियात उतरलो. चढ १८ टक्क्यांपर्यंत आहे, तेव्हा गाडी भरलेली असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरची तयारी ठेवा. आणि एक फायदा: याच हद्दीवरच्या महामार्गाच्या कारावांकन बोगद्याचा टोल वाचतो. पुढेही महामार्गाला शिवणार नसाल तर स्लोव्हेनियाचं विन्येटही लागत नाही.

क्रान्स्का गोरापासून व्ह्रशिच घाट सुरू होतो. माथा १६११ मीटर, एकूण ५० वळणं, प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक. उत्तरेकडची वळणं अजून दगडी फरसबंदीची आहेत, पावसात निसरडी. हा रस्ता पहिल्या महायुद्धात सोचा नदीकाठच्या आघाडीला रसद पोचवण्यासाठी रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले अनेक जण गाडले गेले. मागे राहिलेल्या कैद्यांनी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं छोटं लाकडी प्रार्थनाघर आठव्या वळणापाशी आहे. झाडीत पायऱ्या चढून वर जा. तिथे उभं राहिल्यावर पुढची वळणं नुसती मौजेची राहत नाहीत.

पलीकडे त्रेंताच्या खोऱ्यात सोचा नदी भेटते. पाणी इतकं हिरवं-निळं की फोटो खोटा वाटावा. इथे बोव्हेत्सला दोन रात्री तरी ठेवा. याच मुक्कामात कोबारिदचं युद्धसंग्रहालयही बघून होतं. शाकाहाऱ्यांना चीजचं बुरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांची भरलेली पेस्ट्री, मिळतं. आम्ही अपार्टमेंट घेऊन डाळ-भात शिजवत होतो. घरून मेतकूट, भाजणी न्या. पण तुपातले लाडू, पेढे, खवा नको, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

प्रेदेल घाट ओलांडला की इटली. कोर्तिनाला मुक्काम ठेवून फाल्झारेगो आणि २२३९ मीटरचा पोर्दोई हे घाट केले. ऑगस्टमध्ये इटलीच सुट्टीवर असते, तेव्हा जून अखेर किंवा सप्टेंबर निवडा. शहरांमधल्या 'झेडटीएल' (बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला भाग) पाट्यांच्या आत शिरू नका, कॅमेरा नंबर टिपतो. पार्किंगच्या निळ्या रेषा पैशांच्या, पांढऱ्या फुकट, पिवळ्या राखीव. पेट्रोल पंपावर 'सेल्फ' आणि 'सेर्व्हितो' असे दोन दर असतात. स्वतः भरलं तर स्वस्त.

परतीला इटली-ऑस्ट्रिया हद्दीवरचा ब्रेनर घाट. ऑस्ट्रियाच्या बाजूला त्या पट्ट्याचा वेगळा टोल आहे. इन्सब्रुकपासून पुन्हा विन्येट चालतं. जर्मनीत शिरताना तपासणी होऊ शकते, पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नका. गाडी देताना टाकी भरल्याची पावती आणि चारही बाजूंचे फोटो जपून ठेवा. इटलीतला दंड काही महिन्यांनीही भाडेकंपनीमार्फत येतो, वर त्यांचं हाताळणी शुल्क वेगळं, म्हणून कार्डाच्या नोंदी तोवर बघत राहा.