पोलोचा ट्रॅक लॉग: बूस्ट शाबूत, टायमिंग गायब

मंडळी, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई रेसट्रॅकवरचे लॉग (गाडीच्या सेन्सरच्या नोंदी) शेवटी सवडीने चाळले. दुखणं जुनंच. पहिले दोन लॅप गाडी झकास पळते, तिसऱ्यापासून स्ट्रेटवर ढेपाळते. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मागितलंय तेवढं मिळतंय, क्लच घसरत नाही. पण मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) हवेचं तापमान 44 वरून 63 अंशांवर गेलंय आणि त्याच गिअरला, त्याच आरपीएमला टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) चारेक अंशांनी मागे आलंय. बाहेर 33 अंश, म्हणजे चेन्नईच्या मानाने कृपाच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: पोलो 1.0 टीएसआय मॅन्युअल, स्टॉक टर्बो, स्टेज 1 रिमॅप (इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून घेतलेलं), टाकीत एक्सपी100, म्हणजे 100 ऑक्टेनचं पेट्रोल.

आता हिशोब. दाब तोच धरला तर 317 केल्विनवरून 336 वर गेलेली हवा साडेपाच टक्क्यांच्या आसपास विरळ होते. तेवढं एक वेळ चाललं असतं. खरी वाट लागते ती पुढे. गरम हवेमुळे नॉकची (मिश्रण आपोआप भडकण्याची) शक्यता वाढते, म्हणून ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो. जळण लांबतं, एक्झॉस्ट तापतो, मग टर्बो आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर) वाचवायला तोच ईसीयू जास्त पेट्रोल ओततो. ताकद कमी आणि खर्च जास्त!

यावर सगळ्यांचा पहिला सल्ला असतो कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर. या गाडीत मला तो पटत नाही. टर्बोत 35 अंशांची हवा शिरली, ती 1.7 पट दाबली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर बाहेर पडताना ती 107 अंशांच्या घरात असते. तिला थंड करायचं काम मॅनिफोल्डमध्येच बसवलेल्या पाण्याच्या इंटरकूलरचं. फिल्टरपाशी कमावलेले पाच-सात अंश तिथवर पोचेपर्यंत बहुतेक विरघळतात. हवा किती थंड होणार हे ते पाणी किती थंड आहे यावर ठरतं. शिवाय त्याच पाण्याच्या फेऱ्यात टर्बोसुद्धा आहे. पिटमध्ये गाडी बंद केली की टर्बोची धग त्याच पाण्यात उतरते. म्हणून तर इंजिन बंद केल्यावरही तो छोटा इलेक्ट्रिक पंप घूंघूं करत राहतो.

बंपर उतरवला. हेच पाणी थंड करणाऱ्या पुढच्या छोट्या (लो-टेंपरेचर) रेडिएटरच्या जाळीत किडे, वाळू, टायरच्या रबराचे कण. खालच्या कोपऱ्यातल्या पात्या चेपून सपाट. बाजूला दोन बोटं जातील एवढी फट होती. हवा आळशी असते. वाट मिळाली की रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. पात्या पिनेने सरळ केल्या, मागून पुढे हलक्या धारेने धुतलं, फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. पंप स्कॅनरवरून चालवून पाहिला, ठणठणीत आहे. कूलंट व्हॅक्यूमने भरून घेतलं, कारण या फेऱ्यात हवा अडकली तर बाकी सगळं मुसळ केरात.

एक्सप्रेसवेवर 100 च्या स्थिर वेगाला मॅनिफोल्ड बाहेरच्यापेक्षा 14 अंशांनी गरम असायचं, आता नऊ-दहा. खर्च फोम आणि कूलंटचा.

डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मागणाऱ्यांसाठी: देणार नाही. एसएई जे1349 या ताकद मोजायच्या मानकाच्या हिशोबात आकडा 25 अंश आणि 99 किलोपास्कल कोरड्या हवेवर आणला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे हवा विरळ. उन्हाळ्याच्या दुपारी ही दुरुस्ती आठ-नऊ टक्के फुकटात वाढवून देते. नॅचरली ॲस्पिरेटेड (बिनटर्बोच्या) गाडीला ते न्याय्य आहे. माझा ईसीयू मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब धरून चालतो, उंचीचा तोटा बराचसा टर्बो आधीच भरून काढतो. मग ती बक्षिशी कशाला?

ट्युनरशी बोलून मॅपही बदलतोय. मॅनिफोल्डमधली हवा 50 अंशांपुढे गेली की टॉर्कची मागणीच टप्प्याटप्प्याने खाली आणायची. नॉक सेन्सरने प्रत्येक वेळी लगाम खेचायचा आणि आपण त्याला ट्युनिंग म्हणायचं, हे मला मंजूर नाही. नॉक कंट्रोल हा शेवटचा आधार आहे, रोजचा कारभार त्याच्यावर नको. पहिल्या लॅपला काही मिळणार नाही, पण पाचवा लॅप पहिल्यासारखा आला तरी मला पुरे.

पुढची चाचणी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर. 2.1 किलोमीटरचाच ट्रॅक, वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला वाराही कमी. तिथे एसी बंद ठेवून आणि पिटमध्ये बोनेट उघडं टाकून लॉग घेईन. कुणी या इंजिनला मोठा लो-टेंपरेचर रेडिएटर बसवला असेल तर बंपरच्या आतली मापं कळवा, कापाकापी न करता बसतोय का ते बघायचंय.