आधी हरणाचा परवाना, मग बंदूक

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. कणकवलीजवळचं आमचं गाव, भातात रानडुकरं घुसायची, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. निवडणूक लागली की ती बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की जाऊन परत आणायची. मला तिला हात लावू दिल्याचं आठवत नाही. शिकारीच्या गोष्टी घरात निघायच्या, पण हळू आवाजात. 1972 चा वन्यजीव कायदा आजोबांना पाठ होता आणि भिंतींना कान असतात यावर त्यांचा विश्वास होता.

त्यांचा नातू चाळिशीच्या उंबरठ्यावर अमेरिकेतल्या माँटाना राज्यात जाऊन हरणाची शिकार करेल हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी जवळचं पोलीस ठाणं किती लांब आहे ते विचारलं असतं.

2021 च्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून माँटानातल्या बोझमनला आलो. घरून काम चालू होतं, वकिलाने व्हिसाचे कागद नव्या पत्त्यावर करून दिले, आणि आम्ही निघालो. आमच्यासारखे पुष्कळ निघाले होते. 2010 च्या जनगणनेत बोझमनची वस्ती 37,280 होती, 2020 मध्ये 53,293. घरभाड्यांनी स्थानिक लोकांची झोप उडवली होती. गावाला चिडून, लॉस अँजेलिसच्या चालीवर, 'बोझ अँजेलिस' म्हणतात, आणि पिकअपच्या मागे 'माँटाना भरलं आहे' अशा अर्थाचे स्टिकर दिसतात. आमच्या गाडीवर तेव्हा कॅलिफोर्नियाची पाटी होती. सिग्नलला मागच्या गाडीवाल्याची नजर पाठीला टोचायची.

आणि बंदुकी. पहिल्या महिन्यात मी त्या मोजायचो. किराणा दुकानात एकाच्या कमरेला पिस्तूल दिसलं तेव्हा मी दूध न घेताच बाहेर आलो. त्याच वर्षी या राज्याने परवान्याशिवाय लपवून पिस्तूल बाळगायची मुभा दिली होती, हे वाचून बायको म्हणाली, "छान जागा शोधलीस."

बदल झाला तो शेजारच्या म्हातारबुवांमुळे. डिसेंबरात त्यांनी दारात कागदात गुंडाळलेला एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) मांसाचा गोळा आणून ठेवला. मी वाटप घालून रस्सा केला आणि त्यांच्याकडे डबा पाठवला. ते डबा परत द्यायला आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझं तू आण." त्यांच्या घरात रायफल कोपऱ्यातल्या कपाटात, छत्रीशेजारी. बोलण्यात तिचा उल्लेख आमच्याकडे विळीचा होतो तसा.

मी नेटवर शोधायला लागलो आणि पहिल्याच दिवशी अडलो. मी एच-वन-बीवर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. पण त्याला एक अपवाद आहे: त्याच्याकडे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर चालतं. म्हणजे क्रम उलटा. आपण समजतो आधी बंदूक, मग शिकार. माझ्यासाठी आधी शिकारीचा परवाना, आणि त्याच्या आधाराने बंदूक. हे वकिलाला विचारलं तेव्हा त्याने मला दोनदा विचारलं, की मी नक्की सॉफ्टवेअरमध्येच आहे ना.

परवान्यासाठी शिकारशिक्षणाचा दाखला हवा. 1 जानेवारी 1985 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला माँटानात तो लागतो. माझा जन्म त्या तारखेच्या पलीकडे फक्त काही महिने, आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ह्या काय नवीन काढलंस तू?" आणि पुढे वडिलांकडे फोन दिला. अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो, पण मी वर्गात गेलो. ज्याने कधी बंदूक धरली नाही त्याने ती पडद्यावर शिकू नये असं मला वाटलं.

वर्ग फुकट, शिकवणारे सगळे स्वयंसेवक. बाकावर दहा-बारा वर्षांची मुलं, मागे त्यांचे आईबाप, आणि मध्ये गुडघे बाकात अडकलेला मी. मुलांना सगळं आधीच येत होतं. एका मुलीने मला कुंपण कसं ओलांडायचं ते दाखवलं: गोळ्या काढायच्या, बंदूक तारेखालून पलीकडे जमिनीवर ठेवायची, नळीचं तोंड आपल्यापासून लांब, मग आपण ओलांडायचं. हातात होती न उडणारी सरावाची बंदूक, तरी मी नळी तिच्या दिशेने वळवली आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर माझ्या हातून ती चूक झालेली नाही.

चार नियम घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, मारायचं ठरेपर्यंत बोट चापावर नेऊ नका, आणि लक्ष्य नीट ओळखा, त्याच्या मागे काय आहे तेही. पण मला जास्त आवडला तो पैशांचा धडा. 1937 च्या एका कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. त्यातलाच काही भाग या वर्गावर खर्च होतो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की पक्षी बघणाऱ्यांच्या दुर्बिणीवर असा कर नाही. वर्गात नवे आलेले आम्ही तिघे-चौघे प्रौढ होतो, सगळे थोडे पक्षी बघणारे. आम्ही खाली बघितलं.

परीक्षा पास झालो. राज्यात सलग 180 दिवस राहून झाले होते, गाडीची पाटी बदलली होती, करविवरण इथलं भरलं होतं, म्हणून मी 'रहिवासी' ठरलो आणि हरणाचा परवाना सगळं धरून चाळीस डॉलरच्या आत मिळाला. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मोठ्या शिकारीचा एकत्रित परवाना हजार डॉलरच्या वर जातो. भारतीय पासपोर्टवर मी इथला, आणि टेक्सासचा अमेरिकन पाहुणा. हे गणित मला बराच वेळ हसवत होतं.

मग बंदुकीचं दुकान. केंद्राचा फॉर्म 4473 भरायचा. त्यात 'तुम्ही एलियन, म्हणजे परदेशी, आहात का' असा प्रश्न आणि पुढे 'तुम्ही अपवादात बसता का'. दुकानदाराने असा माणूस आधी पाहिला नसावा. त्याने चष्मा वर केला, माझा हरणाचा परवाना, देशात आल्याची नोंद असलेला आय-94, गाडीचं लायसन्स सगळं पुन्हापुन्हा बघितलं, आणि आत जाऊन कुणाला तरी फोन केला. तपासणीत 'विलंब' असं उत्तर आलं. काही दिवसांनी बोलावणं आलं. जुनी बोल्ट-ॲक्शन .270 रायफल, लाकडी दस्त्याची. दुकानातला पोरगा मला नव्या धर्तीची 6.5 क्रीडमूर आणि जाडजूड दुर्बीण खपवत होता. "कॅलिफोर्नियाचे सगळे हीच घेतात," म्हणाला. म्हणून मी ती घेतली नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. बायको एच-फोरवर, म्हणजे माझ्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, तिच्याकडे शिकार परवाना नाही. तेव्हा तिजोरीची चावी माझ्याच खिशात हवी, वकिलाने बजावलं. सोळा वर्षांच्या संसारात तिला न उघडता येणारं घरातलं हे पहिलं कपाट.

शंभर यार्डांवर म्हातारबुवांनी नेम लावून घेतला. हल्लीची नवी मंडळी चारशे-पाचशे यार्डांवर मारण्याच्या गोष्टी करतात, वारा मोजणारी ॲप काढतात. म्हातारबुवांचा त्यावर राग आहे, आणि माझंही मत त्यांच्या बाजूला झुकतं. तेवढ्या अंतरावर हरणाने एक पाऊल टाकलं तरी गोळी पोटात जाते, आणि मग जखमी जनावर अंधारात शोधत बसा. "दोनशेच्या आत," ते म्हणाले. "नाही जमलं तर रिकामा ये. रिकामं येणं हीसुद्धा शिकारच."

इथवर सगळं कागदांचं काम होतं, आणि कागद आपल्याला येतात. खरी अडचण जमिनीची निघाली.

माँटानात कुणाच्याही खासगी जमिनीवर शिकारीला जायचं तर मालकाची परवानगी लागते, पाटी लावलेली असो वा नसो. सरकारी जमीन भरपूर, पण ती खासगी जमिनीच्या मध्ये मध्ये तुकड्यांनी अडकलेली. नकाशाचं ॲप प्रत्येकाच्या फोनवर असतं. ते बनवणारी ऑनएक्स कंपनी याच राज्यातल्या मिझुलाची. शेजारच्या वायोमिंगमध्ये मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी, सरकारी जमिनीचे दोन तुकडे फक्त कोपऱ्याला टेकतात तिथे, शिडी टाकून एकातून दुसऱ्यात पाऊल टाकलं, तर बाजूच्या रँचच्या (गुरांच्या मोठ्या शेताच्या) मालकाने त्यांच्यावर लाखो डॉलरचा दावा ठोकला. मी शिकत होतो तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तीच केस होती. (2025 मध्ये वरच्या कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. माँटानाच्या वन्यजीव खात्याचं म्हणणं मात्र अजून तेच, की कोपरा ओलांडू नका.)

म्हातारबुवा म्हणाले, "पूर्वी दार वाजवलं की हो म्हणायचे. आता दार वाजवायला दारच सापडत नाही, फाटकावर कॅमेरा असतो." बाहेरचा पैसा येतो, रँच विकली जाते, कुंपणाच्या खांबांवर नारिंगी रंग फासला जातो. किमान 50 चौरस इंच नारिंगी म्हणजे 'आत येऊ नका'. आणि शिकाऱ्याने अंगावर किमान 400 चौरस इंच नारिंगी घालायचं, ते दुसऱ्याने चुकून मारू नये म्हणून. नवे लोक बंदूक आणतात याची इथल्या लोकांना चिंता नाही. ते कुलूप आणतात, याची आहे.

मी दोन रँचना ईमेल केले. उत्तर नाही. म्हातारबुवा कपाळावर हात मारून म्हणाले, "ऑगस्टमध्ये जा. ऑक्टोबरात सगळे येतात. आणि गाडी पुसून नको जाऊस." गॅलॅटिन नदीकाठच्या एका रँचच्या सत्तरीच्या बाई दारात आल्या. कुठून आलास? मी म्हटलं, भारत. त्या हसल्या. मग म्हणाल्या, भारतातून थेट इथेच? मी खरं सांगितलं: मध्ये अकरा वर्षं कॅलिफोर्निया. हसू गेलं. बराच वेळ त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, शनिवारी कुंपण दुरुस्त करायचं आहे, येशील का.

तीन शनिवार गेलो. तार ताणायचा पाना कसा धरतात ते शिकलो, बोटं फाडून घेतली, आणि एक गोष्ट पाठ झाली: फाटक जसं दिसलं तसंच सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. चौथ्या शनिवारी त्यांनी स्वतःच नदीकडची पट्टी दाखवली आणि म्हणाल्या, इथे पांढऱ्या शेपटीची हरणं जास्त झालीत, गवत खातात. मला आजोबांचं भात आठवलं. मी त्यांना ठासणीच्या बंदुकीची आणि निवडणुकीची गोष्ट सांगितली. त्यांना ती इतकी अशक्य वाटली की त्यांनी नवऱ्याला बाहेर बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं.

रायफलचा हंगाम पाच आठवड्यांचा, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या रविवारी संपतो. पहिले तीन शनिवार-रविवार मी रिकामा आलो. एकदा हरीण दिसलं, पण त्याच्या मागे लांब रस्ता होता. एकदा हात इतके थंड पडले की सेफ्टी सरकेना. मित्राला फोनवरून 'तुझ्याकडे येतंय' असा मेसेज पाठवणंही इथे बेकायदा, त्यामुळे आम्ही दोघे नदीच्या दोन बाजूंना मुक्याने गोठत बसलो.

नोव्हेंबरच्या मध्यात एका सकाळी मिळालं. बार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून करता येतो. मी उजाडेपर्यंत थांबलो. तरुण नर, आडवा उभा, ऐंशी-नव्वद पावलांवर, मागे मातीचा उंच काठ. खांद्याच्या जरा मागे नेम. आवाज मी ऐकलाच नाही. ते चाळीसएक पावलं पळालं आणि पडलं. जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा वाईट वाटलं आणि भूकही लागली होती, दोन्ही एकाच वेळी. यापलीकडे मला त्याबद्दल काही सांगता येत नाही.

मारलेल्या जनावराची नोंद टॅगवर करावी लागते. त्या वर्षी फोनवरचा टॅग नवीनच सुरू झाला होता, मी तो वापरला. म्हातारबुवांनी तोवर खिशातून आपला कागदाचा टॅग काढून दाखवला, म्हणजे फोन बंद पडला तर काय होतं याचं व्याख्यान. मग पोट उघडणं. व्हिडिओ वीस वेळा पाहिला होता, तरी सुरी कुठे लावायची ते कळेना. वाफ, वास, आणि थंडीत हाताला मिळालेली ऊब. खाण्याजोगं मांस टाकून देणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे मागचे-पुढचे पाय, पाठीची पट्टी, सगळं काढलं. परतताना तपासणी नाक्यावर थांबलो. 2017 पासून इथल्या रानातल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग सापडतो, म्हणून घशाजवळच्या गाठींचा नमुना दिला. निकाल येईपर्यंत सगळं फ्रीजरमध्ये. ते दिवस फार हळू गेले. रोग नव्हता.

मटणात चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे पहिल्यांदा कोरडं झालं. दुसऱ्यांदा सुकं खोबरं जास्त भाजून, मंद आचेवर तीन तास. डबे दोन भरले, एक शेजारी, एक रँचवर. रँचच्या बाईंनी डबा परत दिला तो आतून घासून, आणि आत त्यांच्या चोकचेरीचा (तिथल्या एका रानफळाचा) जॅम. कोथिंबिरीबद्दल त्यांनी तक्रार केली.

एक शेवटचं, कारण हेही कुणी सांगत नाही. माँटानाचा परवाना फेब्रुवारी संपला की संपतो, नवा 1 मार्चला सुरू. म्हणजे 28 फेब्रुवारीच्या रात्री बारानंतर, नवा परवाना हातात येईपर्यंत, माझ्या घरातली रायफल म्हणजे केंद्रीय गुन्हा. त्या संध्याकाळी मी ती जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळली आणि म्हातारबुवांच्या कपाटात, छत्रीशेजारी ठेवून आलो. त्यांनी विचारलं, पावती देऊ का? सकाळी नवा परवाना काढून परत आणली.