टाळी तुमचीच का?

"त्या रेकॉर्डिंगमध्ये तुमची टाळी ऐकू येते का हो?"

सेल्टिक संगीताच्या ज्या मैफलींचं जागेवरच ध्वनिमुद्रण होतं, त्यांना मी हौसेनं जातो. हे कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. पुण्याच्या मामेबहिणीनं विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, आणि परवा इथे डब्लिनमध्ये गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत एका काकांनी विचारलं. पुढे मोदक संपत आले होते, त्यामुळे काकांना धड उत्तर देता आलं नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत सांगतो.

आधी एक कबुली. 'सेल्टिक' हा शब्द इथले वाजवणारे सहसा वापरत नाहीत, ते नुसतं 'ट्रॅड' म्हणतात, ट्रॅडिशनल म्हणजे पारंपरिक या अर्थी. सेल्टिक ही सीडीच्या दुकानातल्या कप्प्यावरची पाटी. शिवाय त्याचा उच्चार 'केल्टिक'. 'स' राखून ठेवलाय ग्लासगोच्या फुटबॉल क्लबासाठी. पण आपल्याकडे ट्रॅड म्हटलं की समोरचा कोऱ्या चेहऱ्यानं बघतो, म्हणून मीही पाटीच वाचून दाखवतो.

मी इथे आलो 2009 साली, नोकरीसाठी. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजताच अंधार पडायचा तेव्हा, घरमालकांनी एक सीडी दिली. प्लँक्स्टी हा सत्तरच्या दशकातला गाजलेला संच 2004 मध्ये पुन्हा एकत्र आला आणि डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट नावाच्या सभागृहात वाजला, त्याचं ते ध्वनिमुद्रण. क्रिस्टी मूर, डोनाल लनी, अँडी अर्वाइन आणि पाइप्सवर, म्हणजे आयरिश बॅगपाइपवर, लिअम ओ'फ्लिन. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कळत होती ती माणसं, अंधारात बसलेली. सूर ऐकताच त्यांच्यातून जो आवाज उठतो, तो वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्यांचा आहे हे सांगायला भाषा लागत नाही. त्या अनोळखी लोकांचा मला हेवा वाटला. तिथून सगळं सुरू झालं.

माझे कान तयार झालेले सवाई गंधर्वच्या मांडवात. आई साताऱ्याहून मला घेऊन जायची. शाल, थर्मास, डब्यात गुळपोळ्या. दाद कशी द्यायची हे तिनं कधी शिकवलं नाही, शेजारी बसून ते आपोआप अंगात उतरलं. समेवर मान जायची, तोंडून 'वाह' निघायचं. जुन्या मैफलींच्या कॅसेटवर तंबोऱ्याइतकीच ती खोकलणारी, 'क्या बात है' म्हणणारी मंडळी आपल्याला पाठ असतात.

इथली दाद वेगळ्या ठिकाणी पडते. दोन-तीन धुना एका माळेत ओवतात, प्रत्येक धून दोनदा किंवा तीनदा वाजते, आणि एकीतून दुसरीत उडी पडते तेव्हा, विशेषतः सूरच बदलला तर, मागच्या बाकांवरून 'हूऽप' अशी आरोळी उठते. आपली सम फिरून फिरून येते. इथे तो क्षण माळेत एक-दोनदाच येणार, चुकला की गेला. स्लो एअर मात्र ठेक्याशिवायची, बहुतेकदा जुन्या गाण्याची चाल. ती चालू असताना हूं की चूं करायचं नाही. आणि शॅन-नोस, म्हणजे साथीशिवायचं जुन्या वळणाचं गाणं, त्याची तऱ्हा आणखी निराळी. गाणारा डोळे मिटून गातो आणि कधी कधी शेजारचा त्याचा हात हातात घेऊन हळूहळू गोल फिरवत राहतो, जात्याच्या खुंट्यासारखा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घशात काहीतरी अडकलं. माइकमध्ये यातलं काही येत नाही, अर्थात.

आता ती टाळी.

क्लेअर परगण्यातल्या एका गावी रेडिओसाठी ध्वनिमुद्रण होतं. जुलै महिना, आणि जुलै म्हणून पाऊस. गावकीचा छोटा हॉल, ऐंशी-एक माणसं, सगळ्यांचे कोट ओले. सुरुवातीला निर्मात्या बाईंनी येऊन सांगितलं की फोन बंद करा, आणि खोकायचंच असेल तर रीलमध्ये, म्हणजे जलद नाचाच्या धुनेत, खोका, एअरमध्ये नको. लोक हसले. त्या बोलत असताना मी पाहत होतो, दोन माइक वादकांकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे होते. म्हणजे आम्हीही कार्यक्रमात.

ओल्या कोटांचा त्रास सगळ्यांत जास्त वाद्यांना. बौरान म्हणजे बकरीच्या कातड्याचा डफ. दमट हवेत कातडं सैल पडतं, आणि दिव्यांच्या उष्णतेनं इतकं ताणतं की वाजवणारा जवळ पाण्याची फवारणीची बाटली ठेवतो. इलन पाइप्स तर नखऱ्याचं आगर. तोंडानं फुंकायचे नाहीत, कोपराखाली बांधलेल्या भात्यानं हवा भरायची. 'इलन'चा संबंध कोपराशीच. आतल्या बोरूच्या पट्ट्या हवामान बदललं की रुसतात. त्या दिवशी पायपर दहा मिनिटं नुसता सूर लावत होता आणि सगळे इतके शांत होते की मला घरच्यासारखं वाटलं. तंबोरे जुळवतानाची तीच शांतता.

मग त्यानं एअर घेतली. कशी वाजवली हे लिहिता येईल असं मला वाटत नाही. शेवटी चाल खाली खाली उतरत आली आणि थांबली, खाली ड्रोन्स, म्हणजे पाइप्सच्या एकाच सुरात घुमत राहणाऱ्या नळ्या, तेवढ्या चालू राहिल्या. खर्ज भरलेला, सूर लागलेला, हॉल गच्च. आणि मी 'वाह' म्हणून टाळी वाजवली.

एकट्यानं.

आयरिश माणूस सभ्य. परक्या माणसाला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून माझ्यामागून वीसेक जणांनी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्याच हॉलनं. त्या गदारोळात पायपर त्याच ड्रोन्समधून हळूच एक रील उचलत होता, ती बुडाली. अंधाऱ्या खोलीत कुणी काडी ओढावी तशी ती यायची होती. तो थांबला, हसला, माझ्याकडे पाहून मान लववली. निर्मात्या बाई म्हणाल्या, "फार सुंदर. आता तेच पुन्हा एकदा?"

त्यानं पुन्हा वाजवलं. सूर जास्त स्वच्छ होता, रील चोख उचलली, टाळी योग्य जागी पडली. पण ते आधीचं नव्हतं. हे मला वाटलं म्हणून नव्हे; बाहेर पावसात चहा घेताना शेजारच्या आजोबांनी तीन शब्दांत तेच सांगितलं आणि माझ्या कपात बिस्कीट ठेवलं. रेडिओवर दुसरी खेप लागली. पहिली त्या ऐंशी जणांच्या कानात राहिली, आणि त्याला कारण मी.

त्यानंतर मी हात मांड्यांखाली घेऊन बसायला शिकलो. हे शब्दशः घ्या.

तसाच मी द ग्लोमिंग या पाच जणांच्या संचाच्या मैफलींना बसलोय, अर्ल्सफोर्ट टेरेसवरच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये. 1865 च्या प्रदर्शनासाठी बांधलेली ती वास्तू, मग विद्यापीठ, 1981 पासून कॉन्सर्ट हॉल. या पाच जणांनी 2011 पासून तिथे वाजवलं आणि 2018 मध्ये तिथल्या मैफलींची ध्वनिमुद्रिका काढली. मार्टिन हेज फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, डेनिस कॅहिल गिटारवर, पियानोवर थॉमस बार्टलेट, गायला इअर्ला ओ लिनार्ड. पाचव्याच्या, क्वीवीन ओ राघलाच्या, फिडलला वाजवायच्या तारांखाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, आहेत, आपल्या सारंगीसारख्या. तो न वाजवता थांबतो तेव्हाही त्या थोडा वेळ कुजबुजतात. त्यांच्या लांब माळा विलंबितासारख्या सुरू होतात. धून आहे की नाही याची शंका यावी इतक्या सावकाश, आणि वीसेक मिनिटांनी माणसं खुर्चीवरून उठायच्या बेतात. कॅहिल यात जवळजवळ काहीच वाजवायचा नाही. एक सूर, मग बराच वेळ नाही, मग दुसरा. मला तो ध्वनिमुद्रणात कळला नव्हता. समोर पाहिल्यावर कळलं की तो सतत ऐकतोय, आणि सगळे त्याच्या ऐकण्यावर वाजवताहेत. 2022 मध्ये तो गेला. आता ती मुद्रिका लावली की मी त्या न वाजवलेल्या जागांकडेच कान देतो.

भरलेल्या हॉलचा आवाज रिकाम्यापेक्षा कोरडा असतो. माणसं आणि त्यांचे कोट घुमारा पिऊन टाकतात, म्हणून दुपारच्या चाचणीत बसवलेला आवाज रात्री पुन्हा बसवावा लागतो. म्हणजे टाळी वाजवली नाही तरी मी तिथे होतो याचा काहीतरी परिणाम मुद्रणावर आहेच. एका जाड लोकरी कोटाएवढा.

हे सगळं आईला फोनवर सांगून झालं होतं. मागच्या वर्षी साताऱ्याला गेलो तेव्हा दुपारी तिला ती मुद्रिका ऐकवली. ती लसूण सोलत होती. बऱ्याच वेळानं एक माळ संपली, क्षणभर काहीच नाही, आणि मग टाळ्या. आईनं सोलायचं थांबवून कान टवकारले.

"ही पहिली तुझी ना? मला कळली."

माझे हात मांड्यांखाली होते. तिथेही, आणि सवयीनं आत्ताही.

"हो," मी म्हणालो.