रोजच्या अंगावरचं सोनं

रोज घालायला खरं सोनं घ्यावं की मुलाम्याचं, हा प्रश्न बहुतेक जण पाकिटाकडे बघून सोडवतात. मी आधी दागिना कुठे घालायचाय ते बघते.

अंगठीचंच घ्या. दाराची मूठ, किल्ल्या, पिशवीचे बंद, भांडी, घासणी. दिवसभर ती कशाकशाला घासते! तिच्यावरचा मुलामा पुष्कळदा अर्ध्या मायक्रॉनचाही नसतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ सोनं आपण घासणीच्या तोंडी देतो आणि तळहाताच्या बाजूने पितळ डोकावलं की विकणाऱ्याला बोल लावतो. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

कानातलं तसं घासत नाही, नुसतं लोंबतं. तिथे मुलामा पुष्कळ टिकतो. पण मेख वेगळीच आहे. काडी जाते भोकातून, आणि मुलाम्याखाली बरेचदा निकेलचा थर असतो. तो सोसत नसेल तर पाळी लाल होते, खाजते, चिघळते. म्हणून खालचा झुबका हवा तेवढा खोटा असू दे, काडी तेवढी खरी असावी, अशा मताची मी आहे.

खऱ्या सोन्याचे नखरेही कमी नाहीत. 24 कॅरेटचं सोनं इतकं मऊ, की रोजच्या वापरात त्याला पोचे पडतात. 22 कॅरेटमध्ये सुमारे 91.6 टक्के सोनं, 18 मध्ये 75. उरलेलं मुख्यतः तांबं आणि चांदी. भेसळ वाढली की दागिना कणखर होतो, हे मात्र लवकर कुणाच्या पचनी पडत नाही. मला विचाराल तर रोजच्या अंगठीला 18 कॅरेटच बरं. क्लोरीनच्या पाण्यात पोहायला जाताना ती काढून ठेवावी, कारण सोन्यात मिसळलेल्या धातूंना क्लोरीन पोखरतं.

गळ्यातली साखळी मी मुलाम्याचीच घालते. खरी असली की गर्दीत हात सारखा गळ्याशी जातो; दागिना आपला राहत नाही, आपणच त्याचे पहारेकरी होतो. सेंट मारून झाल्यावर साखळी घालायची, घाम आला तर पुसून ठेवायची, एवढं तिला पुरतं. विटली तर पुन्हा सोन्याचं पाणी चढवता येतं. मोडीत तिला कुणी विचारणार नाही, हे मी घेतानाच धरून चालते.