एसएसीडी घ्यावी का, आणि रेकॉर्डिंग चांगलं कसं ओळखावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंदूरला रामबागेत आमच्याकडे रविवारी गाणं ऐकायला मंडळी जमतात, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी हा विषय काढतंच: "काका, एसएसीडीचा, म्हणजे सुपर ऑडिओ सीडीचा, प्लेअर घ्यावा का? साध्या सीडीपेक्षा खरंच जास्त ऐकू येतं का?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा बजेट तयार असतं, म्हणून मी उत्तर टाळत नाही. तबकडी कुठल्या जातीची आहे, याला मी फार किंमत देत नाही. मूळ टेपवरून ती तबकडी करताना कोण बसलं होतं आणि त्याने काय केलं, याला देतो.

आधी तबकड्यांचं बघू. सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यावर आवाजाची मोजणी सेकंदाला 44,100 वेळा होते आणि प्रत्येक माप 16 बिटांत लिहिलं जातं. यातून साधारण 22,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरा मिळतो, आणि अगदी हळू ते अगदी मोठा यांच्यात सुमारे 96 डेसिबलचं अंतर मावतं. तरुण कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतात; माझ्या वयात ती हद्द बरीच खाली येते. दोन मोजण्यांच्या मधला आवाज हरवतो, असं पुष्कळ जण मानतात. तसं होत नाही. त्या मर्यादेच्या आतलं सगळं मोजण्यांतून जसंच्या तसं परत उभं करता येतं, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने 1949 मध्ये गणिताने दाखवून दिलेलं आहे.

एसएसीडी 1999 ची, सोनी आणि फिलिप्स यांची. तिची पद्धत निराळी: एकाच बिटाचं माप, पण सेकंदाला 28 लाखांहून जास्त वेळा. एका बिटामुळे जो खरखराट तयार होतो तो कानाच्या टप्प्याच्या वर ढकलून दिलेला असतो. पुष्कळ एसएसीडींना दोन थर असतात, एक तिचा स्वतःचा आणि एक साध्या सीडीचा, म्हणून त्या कुठल्याही सीडी प्लेअरवर चालतात. तिच्या पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली, 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झपर्यंतची. ती फार टिकली नाही.

24 बिटांचा खरा उपयोग रेकॉर्डिंगच्या वेळी होतो. खर्जात गुणगुणणारा गवई एकदम तार षड्जावर जाऊन थांबला तर आवाज फाटू नये, म्हणून रेकॉर्डिस्टला पातळी खाली ठेवावी लागते. 24 बिटांत तो ती निर्धास्त खाली ठेवतो. गाणं एकदा हातात आल्यावर घरी ऐकायला 16 बिट पुरतात.

हे माझ्या एकट्याचं मत नाही. बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी 2007 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगल्या यंत्रणांवर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ लावायच्या आणि मध्येच तोच आवाज सीडीच्या मापातून फिरवून आणायचा. कुठला कुठला ते ऐकणाऱ्याने सांगायचं. 554 वेळा विचारलं, 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून यापेक्षा वेगळं काही हाती लागलं नसतं. पुढे 2016 मध्ये ध्वनी-संशोधक जोशुआ रीस यांनी असे 18 प्रयोग एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 52.3 टक्के निघालं, आणि आधी कान तयार करून घेतलेल्यांचं त्याहून जास्त. तेव्हा फरक शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण ज्यासाठी घरातली यंत्रणा बदलावी, एवढा तो नाही.

मेयर-मोरान यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या एसएसीडी एकूण ऐकायला बहुतेक सीडींपेक्षा सरस होत्या. दर्दी लोकांसाठी काढायच्या म्हणून त्या काळजीने केलेल्या होत्या, आवाज दाबून मोठा केलेला नव्हता. म्हणजे कुणाला एसएसीडीत जे जास्तीचं ऐकू येतं ते खरंच तिथे असतं. फक्त तेच मास्टरिंग, म्हणजे मूळ टेपवरून तबकडीसाठी आवाज तयार करण्याचं काम, साध्या सीडीवर घातलं असतं, तर तिथेही ऐकू आलं असतं.

मग चांगलं रेकॉर्डिंग ओळखायचं कसं? आपल्या गाण्याच्या बाबतीत मी सगळ्यात आधी तानपुरा ऐकतो. गवयाकडे लक्ष न देता पहिली दोन मिनिटं फक्त तानपुरा. जवारी (तारेचा झणत्कार) नीट लागलेली असेल तर तारेतून स्वरांचा एक धागा उलगडत जातो, खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येतो. रेकॉर्डिंग बिघडलेलं असेल तर हा धागा सगळ्यांत आधी तुटतो. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत तानपुरा पाण्याखाली वाजल्यासारखा डुचमळतो. जुन्या रेकॉर्डची खरखर काढायला सॉफ्टवेअर जास्त चालवलं असेल, तर खरखरीबरोबर जवारीही जाते आणि नुसती गुणगुण उरते. अशा "स्वच्छ" केलेल्या प्रतीपेक्षा मला खरखर असलेली प्रत दहा वेळा चालेल. खरखर कान थोड्या वेळात बाजूला सारतो. गेलेली जवारी त्याला परत आणता येत नाही.

दुसरी खूण गवई थांबतो तिथे सापडते. आमच्या इंदूरहून तासाभराच्या अंतरावर, देवासला, कुमार गंधर्व राहिले. क्षयातून उठल्यावर एका फुप्फुसावर गायले; त्यांच्या गाण्यात छोटे छोटे तुकडे आणि त्यांच्या मधली शांतता, दोन्ही गाणंच आहे. आवाज दाबून मोठा केलेल्या प्रतीत काय होतं ते नीट ऐका. कुमारजी थांबले की तानपुरा एकदम फुगून वर येतो आणि ते गायला लागले की खाली दबतो. यंत्र हळू आवाज उचलतं, मोठा आवाज दाबतं, आणि मधली शांतता बुजून जाते. एकदा हे कानाला कळलं की असली प्रत पुन्हा लावावीशी वाटत नाही.

तिसरा तबला. चाटीचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, "ना" सुटा आणि नेमका हवा, डग्ग्याची घसीट (तळहात सरकवून काढलेला घुमारा) पुरी संपेपर्यंत ऐकू यायला हवी. डग्ग्याचा शेवट कापलेला असेल तर विलंबित ठेका लंगडतो, आणि समेवर येण्यातली मजा निम्मी होते.

उस्ताद अमीर खाँसाहेब इंदूरचे. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात होते, आणि खाँसाहेबांची गायकी आज इंदूर घराणं म्हणून ओळखली जाते. त्यांच्या एलपीवर एका बाजूला मारवा राग आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. अतिविलंबित झुमरा ताल आणि मंद्रातला तो भरीव आवाज. कुठल्याही नव्या प्रतीची परीक्षा घ्यायची तर मी दरबारी लावतो. खालचे स्वर पातळ झाले असतील, किंवा कुणीतरी वरून घुमारा घालून मोनोचं खोटं स्टिरिओ केलं असेल, तर आलापाच्या पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच ते उघडं पडतं. खाँसाहेब अशा वेळी लांबच्या खोलीत गायला बसल्यासारखे वाटतात. त्यांच्या गाण्यावर हा अन्याय झाला की मला मनापासून राग येतो, कारण नवा ऐकणारा त्या प्रतीलाच अमीर खाँ समजून बसतो.

78 च्या रेकॉर्डींचं आणखी एक. जुन्या काळात सगळ्या रेकॉर्डी मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांना कापलेल्या नसत. वेग न तपासता प्रत केली तर गवयाची पट्टी चढते किंवा उतरते, आवाजाचा पोतही बदलतो. त्यापुढे तबकडी कितीही भारी असली तरी व्यर्थ.

घरी तुलना करायची असेल तर दोन प्रतींची पातळी आधी सारखी करा. जरा मोठं वाजणारं नेहमी जास्त चांगलं वाटतं, आणि दुकानदार याचा फायदा घेतो. एक हजार हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. 1 टक्क्याच्या आत जुळलं की झालं. मीटर जेल रोडवर स्वस्तात मिळतो. मग दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि न बघता ऐका. 16 पैकी निदान 12 वेळा ओळखलंत तर फरक आहे असं माना. एसएसीडीचे दोन थर एकमेकांशी ताडू नका, कारण पुष्कळदा दोन्हींचं मास्टरिंगच वेगळं असतं.

डोळ्यांना कळलं की कान त्याच्या मागे जातो. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या एलपी निव्वळ अॅनालॉग समजून दर्दी लोक वाखाणत होते. 2022 मध्ये उघड झालं की त्यांतल्या पुष्कळ एलपी करताना मध्ये डिजिटल पायरी होती. त्या एलपी उत्तमच आहेत, आणि वाखाणणाऱ्यांचे कानही उत्तमच होते.

तर प्लेअरचं. पाश्चात्त्य सिंफनी पाच स्पीकरवर ऐकायची असेल, तर एसएसीडी जरूर घ्या. तिथे सभागृहाचा अवकाश खरोखर मिळतो आणि साध्या सीडीवर तो नाहीच. हिंदुस्थानी संगीत एसएसीडीवर फार थोडं आलं आहे, त्यासाठी प्लेअर घेऊ नका. ते पैसे स्पीकरमध्ये घाला, खोलीत जाड गालिचा आणि पुस्तकांची कपाटं असू द्या. आणि सीडी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा: प्रत मूळ टेपवरून केली आहे की एलपीवरून, कोणी केली, कुठल्या साली. एवढं ज्याने छापलेलं असतं त्याने काम बहुधा मन लावून केलेलं असतं. काहीच छापलेलं नसेल, तर विकत घेण्याआधी कुठे ऐकायला मिळते का बघा, आणि तानपुऱ्यापासून सुरुवात करा.