फ्योर्डमधल्या एका टिंबासाठी

सासऱ्यांच्या अस्थी ओस्लोच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत लांब शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात, सोडल्या त्याला आता बरेच महिने झाले, तरी विसर्जनाची परवानगी देणाऱ्या कार्यालयाचं पत्र आठवलं की माझं डोकं अजून तापतं. नॉर्वेत आपल्यापैकी कुणावर ही वेळ आलीच, तर निदान विसर्जनाच्या जागेचं टिंब नकाशावर कुठे द्यायचं ते तरी कळावं, म्हणून लिहितेय.

बाबा १९७५ च्या आधी इथे आले. त्या वर्षी बाहेरच्या कामगारांसाठी या देशाचं दार बंद झालं. "मला नाशिकला वगैरे नेत बसू नका, इथल्याच पाण्यात सोडा," हे त्यांनी जेवताना कितीदा तरी ऐकवलं होतं, पण कागदावर एक ओळ नाही. इथे पंधरा वर्षांवरचा कुणीही स्वतःच्या राखेसाठी हयातीतच परवानगी काढून ठेवू शकतो. नवऱ्याची आणि माझी आता काढून ठेवली आहे. नाशिकच्या आत्यांना हे सांगितलं तर त्यांनी फोनच ठेवला.

दहनापर्यंतचं सगळं व्यवस्थित पार पडलं. मृत्यूनंतर कामाच्या दहा दिवसांत ते उरकावं लागतं, आणि तेही शवपेटीतच. तिसऱ्या दिवशी सावडायला जाणं मात्र विसरा. अस्थी अशा मिळतच नाहीत, दळून बारीक केलेली राख असते, आणि तिचा कलशही घरी ठेवू देत नाहीत. विसर्जनाची परवानगी दाखवेपर्यंत तो स्मशानाच्याच ताब्यात. पेटीबरोबर भट्टीत एक नंबर घातलेला, न जळणारा दगड जातो आणि पुढे तोच कलशात ठेवतात. गुरुजी व्हिडिओ कॉलवर अश्म्याचं विचारत होते, तेव्हा मी हे सांगितलं. क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे जीवखडा सरकारनेच दिला की!" दहाव्याला अंगणात पिंड ठेवला. इथले कावळे करडे, पण शिवायला वेळ लावला नाही. तेवढं एक काम अर्जाशिवाय झालं.

आता अर्ज. तो जातो जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयाकडे, म्हणजे आपल्या कलेक्टर कचेरीसारखं समजा. मृताची इच्छा काय होती, अंत्यविधीची जबाबदारी कुणाची, आणि जागा कोणती. इच्छेबद्दल नवऱ्याने लिहून दिलं, ते मान्य झालं. घोडं अडलं जागेवर. स्लेमेस्टाडला, फ्योर्डच्या काठी, सनातन मंदिर सभेचं मंदिर आहे. बाबा तिथे नेमाने जायचे. म्हणून आम्ही टिंब दिलं त्याच्या समोरच्या पाण्यात. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं: जागा वस्तीच्या आणि पोहण्याच्या किनाऱ्याच्या जवळ आहे, दुसरी सुचवा. म्हणजे कुठली? ते पत्रात नाही. खुला समुद्र, उंच डोंगर किंवा फ्योर्डमधला मोठा मोकळा भाग चालतो, एवढं मोघम. टिंब थोडं आत सरकवलं. पुन्हा शांतता. फोन केला तर "प्रकरण विचाराधीन आहे". परत केला तर बाई म्हणाल्या, तिथे उन्हाळ्यात लहान बोटींची फार वर्दळ असते. मी म्हटलं, बाहेर बर्फ पडतोय, कुठल्या बोटी? त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की नियमात महिने दिलेले नाहीत. आपल्याकडे निदान टेबलावर हात आपटून भांडता येतं. इथे आवाज चढवणारी मी एकटीच, आणि समोरचा माणूस आणखी सौम्य होत जातो. त्याचाच जास्त संताप येतो.

या काळात अंत्यविधीच्या एजन्सीचा माणूस दर फोनला सुचवायचा की कलश पुरूनच टाका, आपल्या गावात वीस वर्षं जागा फुकट असते. कलश सहा महिन्यांत जमिनीत जायला हवा असाही नियम आहे, तो वेगळाच डोक्यावर. आत्यांना वाटायचं चर्चवाले अडवतायत. बहुतेक गावांत दफनभूमी चर्चची मंडळी सांभाळतात हे खरं, पण आमच्या कामात चर्च कुठेच नव्हतं. मंदिरांनाही हे सरकार सभासदसंख्येवर अनुदान देतं. धर्माबद्दल आम्हाला कुणी एक प्रश्न विचारला नाही. सगळं अडलं होतं एका टिंबापाशी.

सुटका केली ती ओस्लोतल्या अम्मेरुदच्या शिवसुब्रमण्यर मंदिरातल्या एका तमिळ गृहस्थांनी. नॉर्वेतले बहुसंख्य हिंदू श्रीलंकेतल्या युद्धातून आलेले तमिळ. त्यांनी हे सगळं आमच्या कितीतरी आधी सोसलंय. ते म्हणाले, गावाचं नाव लिहूच नका. सागरी नकाशा घ्या, दोन्ही काठांपासून लांब, मधोमध जागा धरा, तिचे अक्षांश-रेखांश द्या, आणि बोटीने जाणार असं स्पष्ट लिहा. तसं लिहिलं आणि परवानगी आली! मी स्वयंपाकघरात ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

पुढची अडचण म्हणजे हिवाळ्यात इथे बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. त्याच काकांच्या ओळखीतल्या एकाची मासेमारीची होडी मिळाली. हार न्यायचे तर दोरा आणि प्लास्टिक घरीच काढा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, हे कुणी सांगत नाही. आणि अर्धी राख इथे, अर्धी रामकुंडात, असा विचार असेल तर तो सोडा, वाटणी करू देत नाहीत.

हो, मृत्यूच्या दाखल्याची इंग्रजी प्रत लगेच मागून ठेवा. बाबांच्या नाशिकच्या बँकेतल्या खात्यासाठी त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा, शिक्का लागला. तो शिक्का मारणारं कार्यालय तेच, परवानगीचं. एवढी तयारी करून गेले होते मी भांडायची, आणि काम हातोहात झालं.